जेवणाच्या टेबलावरचं विमान

३ जानेवारी
दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दाढेसाठी नव्हे, त्यांनी केलेलं विमान बघायला. मालवाहू, बहात्तर पटींनी लहान. पंख कापून लांबवलेले, दारं उघडतात, वैमानिकाच्या खुर्चीला शिवणसुद्धा! सगळं दात कोरायच्या हत्यारांनी. माणूस थोर आहे. आपण थोरतर विमान करायचं. येताना दुकानातून सुट्या भागांचा खोका घेऊनच आलो. एप्रिलमध्ये अशा विमानांचं प्रदर्शन. शुभस्य शीघ्रम्.

९ जानेवारी
सुरुवात नाही. दिवसभर बातम्या खरडून डोळे शिणतात. हिच्याकडे जेवणाचं टेबल महिनाभरासाठी मागितलं. कोणता महिना तेवढं सांगा, म्हणाली.

२ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. पुढे चाक असलेलं विमान आहे, दोन्ही बाजू चिकटवून बंद करण्याआधी नाकात शिसं भरा, नाहीतर मागे कलंडेल, असं म्हणाले. हो हो म्हटलं. हे नवशिक्यांचे उपचार. माझं सगळं लक्ष शेपटीकडे. तिथे पेट्या, जाळ्या, दोरखंड, एक सायकल.

१९ फेब्रुवारी
शेपटीत स्वयंपाकघर केलं. किटली मोहरीएवढी. खाली पडली. गुडघ्यांवर रांगून शोधली. माझं कानातलं हरवलं तेव्हा पाठ धरली होती ना, असं ही म्हणाली. दुसरी किटली केली. मग पहिली सापडली. मोज्यात. दोन्ही बसवल्या.

११ मार्च, रात्री
सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवलो. आमटी सांडली. मुलीनं फोनवर टेबलाची चौकशी केली. ही म्हणाली, उड्डाणाला उशीर आहे. मी हसलो नाही. पाठ दुखते.

२६ मार्च
दोन्ही बाजू चिकटवल्या. किटल्या आता कुणाला दिसणार नाहीत. आहेत हे मला ठाऊक आहे, कलेला तेवढं पुरे. मग केल्या कशाला, असं हिनं विचारलं. उत्तर होतं, पण झोप आली.

९ एप्रिल, सकाळी
रंग झाला. चाकं झाली. टेबलावर ठेवलं, तर नाक वर करून शेपटीवर बसलं. दमलेल्या कुत्र्यासारखं. वारा असेल. पंखा बंद केला. तरी बसलंच. नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं. इथे किटली जड.

१० एप्रिल
प्रदर्शन. कार्डावर 'उड्डाणाचा क्षण' असं लिहिलं. चाकं जमिनीवर का, असं एका बाईंनी विचारलं. क्षण सुरुवातीचा आहे, म्हणालो.
डॉक्टर आले. बराच वेळ वाकून बघत राहिले. शेपटीत काय काय आहे, विचारलं. सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून दात बघायचा आरसा काढला, इवल्या खिडकीला लावला, बॅटरी मारली. दोन किटल्या, म्हणाले. अप्रतिम.
तीन महिन्यांत पहिल्यांदा पाठ दुखायची थांबली.
मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नाक उघडावं लागेल, म्हणाले. थोडं दुखेल.

घरी आलो. टेबल पुसून दोन ताटं मांडलेली. विमान कडेवर घेऊन दारात उभा राहिलो. फक्त महिनाभरासाठी, असं म्हणणार होतो.
आधी जेवलो.