दोन हिमनद्यांचे ओरखडे

प्रिय इंद्रजित,

तुझा फोन परवापासून बंद आहे, म्हणून हातानं लिहिते आहे. 'इकडे सर्व ठीक' असं लिहायला घेतलं होतं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तुझे बाबा टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात. कोळवणला भातकापणी सुरू झाली. साहिलच्या घरचं शेत मात्र उभंच आहे, लोंब्या जमिनीला टेकल्यात.

तू आणि साहिल पहिल्यांदा हिमाचलातल्या लाहौलचे खडक अभ्यासून आलात, ते आठवतं? तू माझं पातेलं पालथं घालून मला हिमनदी शिकवली होतीस. नुसता बर्फ खडकाला ओरखडत नाही आई, त्याच्या पोटात अडकलेले दगड ओरखडतात, म्हणालास. काथ्याखाली वाळू धरून एकाच दिशेनं दाबून घासलंस आणि पातेल्यावर समांतर रेघा उठल्या. हिमनदी वितळून हजारो वर्षं झाली तरी ती कुठल्या वाटेनं गेली ते खडकावर राहतं, असं तू सांगत होतास. साहिल ओट्याला टेकून हसत होता. काकू, पातेलं गेलं तुमचं, आता हा त्याच्यावर प्रबंध लिहिणार, म्हणाला.

अपघाताच्या दिवशीचं तू मला एकदाच सांगितलंस, तेही तुटक. धुकं उतरलं, थंडीनं वाट दाखवणाऱ्या यंत्राची बॅटरी गेली. तुम्ही उघड्या खडकावर होतात आणि खडकावर रेघा होत्या. मोठी हिमनदी जिकडे गेली तिकडेच या रेघा जाणार, त्या धरून चाललं की खालच्या तळावर पोचू, असा तू अंदाज बांधलास. पण त्या खडकावरून दोन हिमनद्या गेल्या होत्या. तू धरलेल्या रेघा बाजूच्या लहान हिमनदीच्या होत्या. मोठी हिमनदी आपली दरी खोल कोरते, लहानीला तेवढा जोर नसतो, म्हणून तिची दरी वरच राहते आणि कड्यावर संपते. लोंबती दरी. शाळेत भूगोलाच्या पेपरात मीही तिची आकृती काढली होती. त्या कड्यावरून कुणी पडेल, असं कधी मनात आलं नव्हतं. साहिल पुढे होता.

दुसरं कुणी असतं तर धुकं निवळेपर्यंत बसून राहिलं असतं. तुला खडक वाचता येत होता म्हणून तू चाललास. मी यावर रोज विचार करते, आणि रोज तिथेच अडते. तुझी चूक नव्हती असं मी लिहिलं तर तू पत्र फाडशील. म्हणून लिहीत नाही. चूक झाली. पण ती करणारा माझा मुलगा आहे, आणि तो मला हवा आहे.

साहिलच्या दहाव्याला त्याच्या आईनं, रजनीताईंनी, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मागे उभी राहिले आणि तशीच परतले. नंतर त्यांच्या दारी जायचं धाडस झालं नाही. काल मात्र गेले, कारण काल तुझं पार्सल आलं. हातोडी, भिंग, वह्या आणि सगळ्यांत खाली तुझा जाड कोट. तुझ्याकडे केलाँगला आता बर्फ पडेल, आणि तू कोट घरी पाठवलास. तुझे बाबा तो पाहून पुन्हा पुन्हा तुझा फोन लावत राहिले. 

रजनीताई बांधावर बसल्या होत्या. मी कोट त्यांच्यापुढे ठेवला. तू तो घरी पाठवलास, एवढंच सांगितलं. त्यांनी तो मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "माफ केलं का, ते माजं मलाच न्हाई ठावं. पर शेवटाला त्याच्यासंगं ह्योच व्हता. ह्यो बी गेला तर माज्या साहिलचं मी कुनाला इचारू?"

आम्ही दोघी उद्या सकाळी तुझ्याकडे यायला निघतोय. पोचायला वेळ लागेल, म्हणून या पानांचे फोटो तुझ्या घरमालकांना पाठवते आहे. त्यांना मराठी येत नाही. त्यांना एवढंच सांगितलंय की पानं दाखवा आणि त्याच्या दाराशी बसून राहा. इंद्रा, आम्ही येईपर्यंत दाराला कडी लावू नकोस. रागावलास तरी चालेल, आमच्याशी एक शब्द बोलला नाहीस तरी चालेल. कडी तेवढी लावू नकोस.

तुझीच,
आई