सुटला की सोडवला

३ ऑक्टोबर, गुरुवार

आला! आला, आला, आला!

दोनशे बारा दिवस. विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर आला आणि पहिलं वाक्य काय, तर — "अगं, तुला चष्मा कधी लागला?" मी रडायच्या तयारीनं गेले होते, हसतच बसले. लेक गळ्यात पडली. "ई, बाबा, तुझ्या दाढीला वास येतोय!" म्हणाली आणि सोडेना. सासूबाई गाडीत सारखं त्याचं कोपर चाचपत होत्या. घर आल्यावर म्हणाल्या, "हाडं तरी तीच आहेत."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मंत्रालयातले साहेब आले. हे सात महिने दर सोमवारी न चुकता फोन करायचे, आज प्रत्यक्ष. पत्रकारांना द्यायचं निवेदन मी लिहून ठेवलं होतं — "सरकारनं माझ्या नवऱ्याला अतिरेक्यांच्या तावडीतून सोडवलं." साहेबांनी पेन काढलं, खोडलं, वर लिहिलं — "माझे पती सुटले."

"बाई, सोडवलं म्हटलं की लोक विचारतात, कसं? सुटले म्हटलं की नुसते 'वा, वा' म्हणतात."

वीस वर्षं वर्गात व्याकरण शिकवतेय. एका फटक्यात सरकार वाक्यातून गायब आणि माझा नवरा कर्माचा कर्ता झाला! पूर्ण गुण द्यावेत असं काम.

सरकारनं खंडणी दिली हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. साहेबांनीच सांगितलं होतं आणि सही घेतली होती — कुणाकडे बोलायचं नाही. "हे बाहेर फुटलं तर बाहेरदेशी कामाला गेलेला आपला प्रत्येक माणूस अतिरेक्यांना चालतीबोलती तिजोरी दिसेल. आणि बाई, सुटून आल्यावर तुमच्या यजमानांनाही कळू देऊ नका. आपली किंमत ऐकून माणूस खचतो." पटलं होतं. अजूनही पटतं.

६ ऑक्टोबर, रविवार

हा सांगतो ती गोष्ट वेगळीच! त्या लोकांच्या विहिरीवरचा पंप म्हणे बंद पडला होता. कुणाला जमेना. मग यानं — पंप दुरुस्तीत हयात गेलेला माणूस — हातातली भाकरी बाजूला ठेवली, दोन बोल्ट फिरवले आणि धो धो पाणी! त्यांचा म्होरक्या इतका खूश की म्हणाला, जा, सुटलास.

आज तिसऱ्यांदा सांगितली. डाव पाना म्हणून, पातेलं पंप म्हणून.

"बाबा, परवा पाइप तीन इंची होता. आज पाच?"

"तू होतीस का तिथं?"

सासूबाईंना हसून ठसका लागला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. किती छान दिसतो सांगताना!

७ ऑक्टोबर, सोमवार

न्हाणीघरातला नळ गळायचा थांबला. सहा महिन्यांनी.

९ ऑक्टोबर, बुधवार

आचाऱ्याच्या बायकोचा फोन. कामाच्या तळावरचा तो आचारी, याच्यासोबत त्याच दिवशी उचललेला. देश दुसरा. तो अजून तिथंच आहे. आम्ही दोघी दर बुधवारी बोलतो — दोघींनाही धड न येणाऱ्या भाषेत. इतक्या महिन्यांत तिच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं मला.

तिचं सरकार सांगतं, पैसे कुणीच देत नाही, धीर धरा. ती धीर धरून बसली आहे.

"ताई, तुझा कसा सुटला?"

मी म्हणाले, "पंप दुरुस्त केला त्यानं."

ती मग म्हणाली, "माझ्याला पंप नाही गं येत. त्याला नुसता स्वयंपाक येतो."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तिचं वाक्य कानातून जात नाही. खरं कळलं तर ती तिच्या सरकारच्या दारात जाऊन बसेल, "शेजारचे देतात, तुम्ही का नाही?" म्हणेल. आत्ता ती कशाची वाट बघतेय? पंप बिघडण्याची?

पण मी बोलले तर उद्या आपल्यातलाच आणखी कुणी उचलला जाईल. त्याच्या बायकोला मी काय सांगू?

आणि याचा पंप? तोही जाईल.

१३ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. उद्या शाळेतून आल्यावर तिला फोन करायचा. पण आधी याला सांगायला हवं. दुपारी दोनदा तोंड उघडलं. हा अंगणात लेकीच्या सायकलची चेन बसवत होता, दोघांच्या नाकाला काळं ग्रीस. "बघत काय उभी राहिलीस? ये की!" माझ्याही नाकाला लावलं.

नाही सांगितलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

फोन घरीच विसरले होते. परत आले तर हा त्यावर बोलत होता. सावकाश, आचाऱ्याच्या बायकोला एकेक शब्द समजेल असा — "नाही, बहिणी. पंप मला दुरुस्त करता आलाच नाही. आमच्या सरकारनं पैसे दिले. माझ्यासमोर मोजले. तुमच्या लोकांना जाऊन सांग."

मग मी दारात दिसले. फोनवर हात ठेवून, चोरी पकडल्यासारखा म्हणाला, "साहेबांनी सही घेतली होती गं. म्हणाले, बायकोला कळू देऊ नका, खचेल."