ब्रँडी सोडल्याचं बक्षीस

३ नोव्हेंबर, संध्याकाळ.
मी बोलते, फोन लिहून घेतो. अक्षरओळख नाही म्हणून माझं काही अडलेलं नाही. ब्रँडी मी खोकल्यासाठी घेते. खोकला जाऊन तीन वर्षं झाली. परत येऊ नये म्हणून घेते. नात मेंदूचा अभ्यास करते. मी तिला प्रोफेसरीणबाई म्हणते. रोज सातला फोन करून विचारते, आजी, घेतलीस का? मग अर्धा तास झापते. फार त्रास आहे.

५ नोव्हेंबर.
आज शिकवणी. म्हणाली, घोट गेला की डोक्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं, डोक्याला वाटतं बक्षीस मिळालं. पण रोज घेतली की डोकं कंजूष होतं, साध्यासुध्या आनंदाला ते रसायन सोडतच नाही. नुसतं बूच वाजलं तरी मात्र हपापतं. मी म्हटलं, साधेसुधे आनंद पाठवून दे, मग बघू. हसली नाही. रडवेली झाली. ठरलं, उद्यापासून बंद. मला काय, चुटकीसरशी सोडीन.

६ नोव्हेंबर.
उद्यापासून.

७ नोव्हेंबर.
बाटली मोरीत ओतली. बूच ठेवलंय. नातीला सांगितलं तर केवढ्यांदा ओरडली, कान बधिर झाला!

१४ नोव्हेंबर.
सुटली! नात म्हणाली, शाब्बास आजी, आता रोज पहारा नको, रविवारी बोलत जाऊ. बरं झालं बाई. संध्याकाळ मोकळी.

१६ नोव्हेंबर.
सातला फोन मांडीवर होता, सहज. वाजला. क्रेडिट कार्ड हवंय का, म्हणाला. मेलं रसायन त्याच्यावरसुद्धा सुटलं. त्याला खोकल्याची सगळी हकिकत सांगितली. त्यानेच ठेवला.

रविवार.
नातीचा काहीतरी प्रयोग चालू आहे, पुढच्या रविवारी बोलेल. मला तरी कुठे वेळ आहे? बूच दोनदा वाजवून पाहिलं.

सोमवार.
आपणही प्रयोग करावा. पुन्हा सुरू केली म्हणून सांगायचं. चांगली झापेल. तिच्याच अभ्यासाला उपयोग.

मंगळवार, सव्वासात.
पेल्यात कोरा चहा ओतला, कॅमेऱ्यापुढे धरला. सांगितलं, घेतली गं, दोन घेतल्या. तिच्यामागे कोणी हाका मारत होतं. चिडलीच नाही. म्हणाली, आजी, घसरणं साहजिक असतं, स्वतःला दोष देऊ नकोस, रविवारी बोलू. ठेवला.
चहा संपवला. साखर घालायची राहिली होती.