हात बसला

३ जून
लागली बुवा नोकरी! वाद्यांचं दुकान, पंखा थेट माझ्या स्टुलावर, आणि मालक अगदी मोकळा माणूस. गिऱ्हाइकाला गिटार दाखवायची म्हणजे वाजवून दाखवायची. गाजलेल्या गाण्यांच्या सुरुवातीचे ते तुकडे, ज्यांवरून गाणं चटकन ओळखू येतं, त्यांना मालक 'रिफ' म्हणतात. निदान दहा तरी यायला हवेत म्हणाले. मुलाखतीत मी ठोकून दिलं, पंधरा येतात. येतो एक, तोही अर्धा. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

६ जून
आज फजिती. बोटं नेमकी नको त्या तारेवर. नातीसाठी गिटार बघायला आलेले आजोबा फिसकन हसले. मालकांनी उलट माझीच बाजू घेतली. नवीन जागा आहे, हात बसायला वेळ लागतो म्हणाले. इतक्या भल्या माणसाला फसवतोय मी. दिवसभर मान वर करवली नाही.

९ जून
कपाटामागे एक जुनी गिटार सापडली. दुरुस्तीला आलेली, पण मालक म्हणाले, तिचा धनी वारला आणि बायको न्यायला आलीच नाही. दुपारी दुकान रिकामं होतं म्हणून सहज वाजवली, तर रिफ पहिल्यापासून शेवटपर्यंत आला! मग दुसरा, तिसरा, कधी न शिकलेलेसुद्धा. फक्त प्रत्येकात चौथा सूर जरा उशिरा पडतो. मालक म्हणाले, बसला की हात! मीही मान डोलावली, निर्लज्जासारखी.

१४ जून
ती बाई आली, गिटार न्यायला. मी वाजवत होतो, ते ऐकून दारातच थांबली. यजमानांचाही चौथा सूर असाच मागे राहायचा म्हणाली, डोळे पुसले, आणि मला हे कुणी शिकवलं ते विचारलं. खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, माझं मीच बसवलंय. बिचारी गिटार माझ्याकडेच ठेवून गेली. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

१५ जून
डाव्या हातावर वजन आहे. कुणीतरी वर हात ठेवल्यासारखं. दिसत काही नाही. जेवतानाही बोटं तारा दाबत होती.

१७ जून
जुनी गिटार परत कपाटामागे ठेवली. नवी घेतली – तोच उशिराचा सूर. हात बसलाय. खरंच बसलाय. उठत नाही.

१८ जून
बाईंच्या दारापर्यंत गेलो. शरमेने तोंड उघडेना, परत आलो. चिठ्ठी लिहीन. ते वाजवणं माझं नव्हतं, एवढंच. उजवा हातही जड –

१९ जून
पाच वेळा लिहिली. मी लिहितो 'माझं नव्हतं'. कागदावर उतरतं 'माझंच होतं'. अक्षर माझं नाही. लाज तेवढी अजून माझी आहे. तेवढ्यावरूनच कळतं की मी –

२० जून
चिठ्ठी दिली. तिने अक्षर ओळखलं. हाक मारली – त्यांच्या नावाने. मी ओ दिली.
किती बरं वाटलं. जराही लाज –