बिननावाच्या खुर्च्या

प्रिय ताई,

मुकादम कसा निवडणार ते फोनवर सांगितलं, तेव्हा तू नुसतं 'बरं' म्हणालीस. तुझं ते 'बरं' मी लहानपणापासून ओळखतो. त्यात बरं काहीच नसतं.

घरचं पोर असताना बाहेरचं माणूस कशाला, हे तुझ्या मनातलं म्हणणं जगाला धरूनच आहे. मी जिथे रंधा धरायला शिकलो, त्या कारखान्यात मालकाचा मेहुणाच मुकादम होता. तो खुर्च्यांसाठी स्वस्तातलं ओलं लाकूड निवडायचा आणि आम्ही माना डोलवायचो. बोलून काय मिळणार होतं? वर जायची वाट मालकाच्या सासरवाडीतून होती! घाम आम्ही कमी गाळला नाही गं, पण खुर्च्या वर्षभरात कुरकुरायच्या. चांगले कारागीर गेले, मग गिऱ्हाईक गेलं, शेवटी कुलूप लागलं. त्या गल्लीत सगळ्या कारखान्यांची हीच रीत, म्हणून अजून कुणाचं धड चालत नाही, आणि लोक खुशाल म्हणतात, तिथली माणसंच आळशी.

म्हणून माझ्या कारखान्यात ज्याला मुकादम व्हायचंय त्याने खुर्ची करायची. खुर्च्या बिननावाच्या मांडायच्या. कामगारांनी बसून, हलवून, उलट्या करून एक निवडायची. मालकाने, म्हणजे मी, दाराशी उभं राहून चहा प्यायचा, बस्स.

तुझ्या लेकाची खुर्ची मी जमिनीवर टेकल्याच्या आवाजावरूनच ओळखली. भावजींच्या हातच्या कामासारखाच सांधा भक्कम. पण पाठ टेकली की माणूस अवघडतो, हेही खरं. मी नुसतं खाकरलो असतो तरी भागलं असतं. माझं खाकरणं सगळ्यांना कळतं. घोट तोंडात धरून उभा राहिलो. म्हातारा सुतार हळूच म्हणाला, "शेठ, गिळा आता, गार झाला." निवड पॉलिशवाल्या बाईंची झाली.

ताई, तुझा लेक काम सोडून तुझ्याकडे निघालाय. हरल्याचं काही नाही, आईला तोंड कसं दाखवू, एवढंच घोकत होता. आपल्या टेम्पोच्या ड्रायव्हरच्या हाती दिलेलं हे पत्र त्याच्या आधी पोचेल. दारात त्याला काही विचारू नकोस. पोटभर जेवू घाल. नव्या मुकादमबाईंनी पहिलीच मागणी केली, की सांध्यांचं सगळं काम त्याच्याकडे द्या. मी शब्द टाकलेला नाही, तुझी शपथ. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण त्याला परत पाठव. सांग, मामाने नाही बोलावलं, कामाने बोलावलंय.

तुझाच,
धाकटा