किचनमधल्या पट्टीवर पाळत

३ मार्च, मंगळवार
आईच्या नव्या किचनला स्मार्ट एलईडी पट्टी लावली. एकट्यानं. वरच्या कपाटांच्या खालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माहितीचा कागद फेकला. आपल्याला कागद लागत नाही. ॲपनं जे जे विचारलं त्याला हो म्हटलं. गाण्याचं एक चित्र होतं, तेही दाबलं. गाणं काही वाजलं नाही. डुप्लिकेट माल.
पण उजेड पडला! पांढराशुभ्र. आई म्हणाली, क्वाबेना, पहिल्यांदा तुझ्या हातून काहीतरी सरळ झालं.
रविवारी चर्चचं महिला मंडळ किचन बघायला येणार. आईची अट अशी, लाइट नीट चालला तर मी इथं कुमासीत लाइटिंगचा धंदा काढायचा. नाही चालला तर सोमवारी मामाच्या कोकोच्या मळ्यात. कायमचा. तिथं साप आहेत. आणि मामा आहे.

४ मार्च, दुपार
पट्टी नाचतेय! लाल, निळी, लाल, निळी. मग आपोआप शांत.
संशय एकावरच. बादू. शेजारच्या सेरवा मावशीचा मुलगा. तिचं फुफूचं, म्हणजे कुटलेल्या कसाव्याच्या गोळ्यांचं, हॉटेल; हा अंगणात मुसळानं कसाव्याचे कंद कुटतो, धाड धाड. मागच्या महिन्यात मी त्याच्या उखळात रबरी पाल टाकली होती. तेव्हापासून माझ्याशी गोड बोलतो. उगाच कोण गोड बोलतं?

५ मार्च
पडद्याआडून पाळत ठेवली. पट्टी नाचायला लागली तेव्हा बादू उखळापाशी. दोन्ही हात मुसळावर. मोबाइल दिसला नाही. म्हणजे लपवलाय. मुसळात?
तो दम खायला थांबला की पट्टीही थांबते. आळशी हॅकर.
आईला सांगितलं. ती ओरडली, मेल्या, त्याला कामं आहेत, तुझ्यासारखा रिकामा नाही तो! तेवढ्यात पट्टी लालभडक. आईला मशीनसुद्धा घाबरतं.

६ मार्च, आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन
हॉटेल बंद. पासवर्ड बदलला. नवीन पासवर्ड बादूगाढव. सकाळभर पट्टी गरीब गाय. जिंकलो!
मग शाळेची पोरं ढोल बडवत परेडवरून परत आली. पट्टी पिसाळली. खिडकीतून पाहिलं तर गर्दीत झेंडा घेऊन कोण? बादू. सुट्टीलाही ड्युटी!

७ मार्च
सरळ हॉटेलात घुसलो. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, बादू, मुसळ दाखव. तो म्हणाला, घे की, आणि आलाच आहेस तर कुटून पण दे. लोक खिदळले. मी मुसळ ठोकून पाहिलं, कान लावला, वास घेतला. सेरवा मावशी म्हणाली, अरे भामट्या, लाकूड आहे ते, लाकूड! माझ्या पोराला चोर म्हणतोस?
मग आमच्या घरी येऊन आईशी भांडली. भांडण संपेपर्यंत पट्टी जांभळी.
म्हणजे मावशीही सामील.

८ मार्च, रविवार
महिला मंडळ आलं. पट्टी पांढरी. बायका कुजबुजल्या, पट्टी जराशी थरथरली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पाद्रीणबाईंनी टाळ्या वाजवत देवाचं गाणं धरलं.
हिरवी. लाल. जांभळी. निळी.
बायका गप्प. पट्टी गप्प. पाद्रीणबाई गरजल्या, सैताना, चालता हो! पट्टी लाल. त्या आणखी मोठ्यानं गरजल्या. आणखी लाल. अर्ध्या बायका अंगणात पळाल्या.
आणि पाद्रीणबाईंना शिंक आली. हिरवी.
त्यांनी पट्टीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, बाळा, फोन दे, अंगठा ठेव. गाण्याचं चित्र बंद केलं. म्हणाल्या, चर्चच्या नाताळच्या माळांना हेच बटण आहे, आवाज झाला की नाचतात. मग शेजारी बादूचं मुसळ सुरू झालं. पट्टी पांढरी ती पांढरीच.
पण तो फोन तर फक्त माझ्या अंगठ्यानं उघडतो, मग ते बटण चालू केलं कुणी? या अंगठ्यावर लक्ष ठेवायला हवं.
आई ओरडली नाही. इतक्या हळू बोलली की ते बटण चालू असतं तरी पट्टी हलली नसती. म्हणाली, कपडे भर.

९ मार्च, बसमध्ये
बादू स्टँडवर आला होता. फुफूचा डबा दिला. म्हणाला, मळ्यात शांत असतं, तुझ्या लाइटला बरं. पुन्हा गोड बोलला!
डबा हलवून पाहिला. वास घेतला. आत पाल असणार, नक्की. उघडलाच नाही, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला देऊन टाकला.
त्यानं बोटं चाटूनपुसून खाल्लं. पाल नव्हती. बकऱ्याचं मटण होतं.
मामाचं गाव अजून लांब आहे.