बाबा 'बरे' नाहीत

प्रिय नीलेश,

आज सकाळी तू फोनवर 'बाबा जरा घसरले, पण बरे आहेत' म्हणालास आणि ठेवून दिलास. त्यानंतर मी लावतेय आणि तू उचलत नाहीस. ताई आता डोकं खाणार, हे तुला ठाऊक. तर आता वाच.

'बरं आहे' या शब्दांचा मला इथे सौदीत, खमीसला येऊन वीट आलाय. आमच्या इमर्जन्सीत आलेल्यांपैकी आधी कोणाला आत घ्यायचं, हे दारातच आम्हा नर्सना ठरवावं लागतं. तरुण पोरं बोट कापलं तरी घर डोक्यावर घेतात. म्हातारे गप्प बसून राहतात. कसं वाटतंय विचारलं की 'अल्हम्दुलिल्लाह'. बरं असलं तरी तेच, जीव जायला आला तरी तेच. मागच्या महिन्यात मुस्तफा नावाचा एक जण बापाला घेऊन आला. म्हातारा पिकअपमधून उतरताना पडलेला. कुठे जखम नाही, नाडीही संथ, कारण ब्लडप्रेशरच्या गोळ्या नाडीला धावूच देत नाहीत. मुस्तफाला घाई. दुखण्याची गोळी द्या, खलास. मी म्हाताऱ्याला विचारलं, हा शेजारी उभा आहे तो कोण? त्याने आपल्या मेलेल्या भावाचं नाव सांगितलं. मुस्तफा हसला. मी स्ट्रेचर मागवलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, वाचला. परवा मुस्तफा खजुरांचा डबा घेऊन आला आणि मला बहीण म्हणाला. लोकांचे बाप सांभाळायला मी इथे आहे रे, आणि सख्खा भाऊ माझा फोन उचलत नाही.

आईच्या वेळी मला फसवलंस, ते मी विसरलेले नाही. मागीलदारी कपडे धुवायच्या दगडावर ती आपटली आणि तू तिला घरीच झोपवून ठेवलीस. 'मला काय झालंय, बरी आहे' म्हणाली म्हणे. म्हणणारच. तिने कधी वेगळं काही म्हटलंय का? मग बरळायला लागली, तर वय झालं. मी फोन केला तेव्हा 'आई बरी आहे, झोपलीय'. परदेशातल्या माणसाला वाईट कळवायचं नाही, ही आपल्याकडची माया! अग्नी दिल्यावर कळवलंस, आणि वर मलाच विचारलंस, तुझ्या तिथल्या मालकाने, त्या कफीलने सोडलं असतं का तुला? नसतं सोडलं एकवेळ. पण तिला आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला ने, एवढं मी इथून ओरडून सांगितलं असतं. ते ओरडणं माझ्या घशात अजून तसंच आहे.

बाबांनी आईला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नाही. 'ऐकलंस का?' हीच तिची हाक, तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला नाही. आज सकाळी ठेवण्याआधी तू त्यांच्या कानाला फोन लावलास, मी 'बाबा' म्हटलं, आणि ते मला म्हणाले, 'ऐकलंस का, चहा ठेव.' तू मागे हसलास. मुस्तफा हसला होता, अगदी तसाच. नीलेश, हार्टच्या त्रासापासून बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात. साधं घसरणंसुद्धा त्यांना साधं नाही. ते बरे नाहीत.

म्हणून हे पत्र पोस्टाने नाही, हॉस्पिटलच्या फॅक्सवरून तुझ्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवतेय. तू नसलास तर काउंटरवरचा माणूस वाचेल, गिऱ्हाईकं वाचतील. वाचू देत. ज्याच्या हातात हा कागद आहे, त्याने आमच्या घरी जावं, बाबांना गाडीत घालावं आणि रत्नागिरीला डोक्याचा फोटो काढायला न्यावं. कसं वाटतंय, हे त्यांना विचारत बसू नये.

अजून तरी तुझीच,
विभाताई